सातवी स्लाइड

सातव्या स्लाइडवर समुद्र यायला हवा होता.
आली एक पांढरी चौकट,
कोपऱ्यात पेराएवढी तांबडी फुली
आणि खाली वाक्य: चित्र दाखवता येत नाही.
नम्रपणे, एखाद्या कारकुनानं
खिडकी अर्धी लावून घेत सांगावं तसं.

हियुमा बेटाचं उत्तर टोक, फेब्रुवारी.
गावसभेच्या खोलीत एकेचाळीस माणसं,
ओल्या लोकरीचा वास,
आणि प्रश्न एकच: धक्क्यापुढचा गाळ
काढायचा का, काढायचा तर किती खोल.
किती खोल, ते त्या चौकटीत होतं.

सगळे माझ्याकडे वळले.
शाळेतले संगणक मी सांभाळते, म्हणून
गावात बिघडलेलं सगळंच माझं.
बंद करून उघडलं.
चित्रांऐवजी चौकटी दाखवायची खूण
चुकून कुणी केलीय का, पाहिलं. नव्हती.
फाइल जुन्या वळणाची असेल,
नवा प्रोग्रॅम तिला ओळख दाखवत नसेल,
म्हणून दुसऱ्या यंत्रावर लावली.
तिथंही फुली. जरा मोठी.

मग उजवी टिचकी मारली, आणि उमगलं:
चित्र आत कधी नव्हतंच.
होता नुसता पत्ता.
टाम्बेट, डेस्कटॉप, घर, बंदर,
शेवटचे, खरंच शेवटचे.
पोहरा इथं, दोर इथं,
आड भलत्याच अंगणात.

टाम्बेट माझा धाकटा भाऊ.
पानगळीत तुर्कूला गेला, जहाजांच्या वेल्डिंगला.
फोन लावला. मागं घण वाजत होते.
"तो लॅपटॉप? तो आईकडंच.
माझ्या पलंगाखाली बघ."

आई तिसऱ्या रांगेत हातमोजा विणत बसलेली.
ओळ पुरी केली, मगच सुया ठेवल्या.
बर्फावरची ढकलगाडी घेऊन गेली
आणि पंचवीस मिनिटांत परत,
शालीत गुंडाळलेला लॅपटॉप पुढ्यात धरून.
"दर शनिवारी पुसते," म्हणाली.
झाकण खरंच लखलखत होतं.
बॅटरी मेलेली. चार्जर तुर्कूला.

तोवर कॉफीही संपली.
काल्यु उठला, ऐंशीच्या पुढचा, काठी टेकत पडद्यापाशी गेला.
"हा धक्का," चौकटीची खालची कड.
"हा दिव्याचा खांब," ती फुली.
"आणि इथं," काठी पांढऱ्यात खुपसून,
"इथं दगड आहे. बैलाएवढा.
माझ्या बापाचं वल्हं खाल्लंय त्यानं, माझा नांगर."
काठीचं टोक लागून
सगळा समुद्र हलला.
कुणी हसलं नाही.
कुणी म्हणालं, थोडा डावीकडे घ्या.
कुणी म्हणालं, छे, तिथंच आहे तो.
वीस मिनिटं एकेचाळीस माणसं
नसलेल्या चित्राकडे बोटं दाखवून भांडली.
ठराव पुढच्या महिन्यावर गेला.

रात्री टाम्बेटला लिहिलं:
चित्र जोडू नकोस, आत ठेव.
जोडलेलं, तू हललास की हरवतं.
त्यानं अंगठा पाठवला.
आईला हे वाचून दाखवलं नाही.

मंगळवारी टपालानं चार्जर आला,
हातमोज्यात कोंबलेला. मोजा ओळखीचा,
त्याची जोडी त्यानं ठेवून घेतली असावी.
नकाशा उघडला. देखणा होता, खोटं कशाला बोलू:
निळ्याच्या नऊ छटा, दर अर्ध्या मीटरला रेघ,
कडेला उत्तरेचा बाण.
दगड नव्हता.

मीच तिथं एक ठिपका ठेवला. काळा. बैलाएवढा नाही.
चित्र आत घेतल्यावर फाइल इतकी जड झाली
की ईमेलमधून जाईना.
नाव दिलं: खरंच शेवटचे, दगडासह.
पेनड्राइव्ह खिशात टाकून काल्युकडं निघाले.
विचारायचं होतं,
थोडा डावीकडे?